नाव, गाव, तारीख, मोहोर

आमच्या सासऱ्यांचा जन्म १९३५ सालचा, राजुऱ्याचाच. त्या काळी राजुरा हे निजामाच्या हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असल्यामुळे शाळेत त्यांना पहिली लिपी शिकवली गेली ती उर्दूची, आणि मराठी त्यांनी घरी वडिलांच्या मांडीशी बसून पाटीवर गिरवली. ऐन विशीत ते येथील तहसील कचेरीत कारकून म्हणून लागले आणि खुर्ची न हलवता त्यांनी तीन जिल्ह्यांचे शिक्के हाताळले: आधी आदिलाबादचा, मग १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तालुका मुंबई राज्यात आल्यावर नांदेडचा, आणि १९५९ पासून चांद्याचा. जुने उर्दू दस्त नव्या मराठी दप्तरात उतरवून घेण्याचे काम पुढे वर्षानुवर्षे चालले आणि त्या कामातून त्यांच्या अंगी जी सवय मुरली ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. कोणताही कागद हाती आला, मग तो वारसाहक्काचा दस्त असो की घरपट्टीची पावती, ते मजकूर शेवटी वाचत. "आधी नाव पाहायचं, गाव पाहायचं, तारीख पाहायची आणि मोहोर पाहायची," असे त्यांनी मला, नव्या सुनेला, पहिल्याच वर्षी सांगितले होते; "या चारांतलं एक जरी नसलं, तरी आतला मजकूर कितीही गोड असो, त्याला कागद म्हणू नये."

या शिकवणीचा उपयोग मला पुढे नखांच्या रंगाच्या बाटलीवर करावा लागेल, हे त्यांच्या किंवा माझ्या स्वप्नीही आले नसते.

घराच्या ओसरीलगतच्या खोलीत मी २००४ साली ब्युटी पार्लर सुरू केले. आरसा, दोन खुर्च्या, गुमास्त्याचा कागद भिंतीवर चौकटीत, आणि भुवया कोरण्याचा दोरा. एवढ्या भांडवलावर पहिली सात-आठ वर्षे गेली. येणाऱ्या बाया तऱ्हेतऱ्हेच्या होत्या आणि आजही आहेत: कोळसा खाणीतल्या कामगारांच्या घरच्या, गडचांदूरकडच्या सिमेंट कारखान्यांच्या वसाहतीतल्या, शाळेतल्या शिक्षिका, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी खेड्यांतून येणाऱ्या, बोटांना कापसाच्या बोंडांचे ओरखडे असलेल्या शेतकरणी. नखांचे काम त्या वेळी फारच थोडे. मेंदी मात्र भरपूर, आणि लग्नाच्या दिवशी वधूच्या नखांवर साध्या नेलपॉलिशचा लाल हात. लॅक्मे हे नाव १९५२ पासून टाटांच्या घरातून निघालेले, बायकांच्या तोंडी इतके रुळलेले की कित्येकींच्या बोलण्यात नखांच्या रंगाला दुसरे नावच नव्हते.

जेल पॉलिश आमच्याकडे आले ते पुण्याला आणि हैदराबादला नोकरीस गेलेल्या मुलींच्या बोटांवरून. या मुली सुटीत घरी येत आणि त्यांची नखे पंधरा पंधरा दिवस काचेसारखी लखलखत राहत. भांडी घासली तरी टवका उडत नसे. जगाच्या बाजारात हा प्रकार २०१० च्या सुमारास पसरला, पण राजुऱ्यास पोहोचायला त्याला आणखी सात-आठ वर्षे लागली. २०१८ च्या लग्नसराईत तीन वधूंनी एकामागून एक तीच मागणी केली, तेव्हा मी लॅम्प घेतला.

येथे या वस्तूचे मर्म सांगणे भाग आहे, कारण मी स्वतः ते न समजता दोन वर्षे काम केले आणि त्याची किंमत दुसऱ्या एका मुलीच्या बोटांनी भरली. साधे नेलपॉलिश वाळते. त्यातले पातळ द्रावण हवेत उडून जाते आणि मागे रंगाचा पापुद्रा राहतो, जसा भिंतीवरचा रंग वाळतो तसा. जेल वाळत नाही, ते जमते. त्यात ॲक्रिलेट आणि मेथाक्रिलेट या कुळातले सूक्ष्म, सुटे रेणू असतात. लॅम्पमधून निघणारे अतिनील किरण त्यांच्यावर पडले, की किरणांनी जागे होणारे एक द्रव्य त्या रेणूंना एकमेकांच्या हातात हात द्यायला लावते, त्यांची साखळी बनते आणि द्रवाचे टणक कवच होते. ही साखळी पुरी जुळली तर ते कवच निरुपद्रवी असते. जे रेणू सुटे राहिले, ते मात्र त्वचेत शिरू शकतात. आणि त्वचा एकदा त्यांना शत्रू म्हणून ओळखू लागली, की ती ओळख जन्मभर पुसत नाही. तेव्हा जेलच्या सुरक्षिततेचा सारा प्रश्न हा सुट्या रेणूंचा प्रश्न आहे. बाटलीत ते कोणते आहेत, लॅम्पखाली त्यांतले किती जमले, आणि जमण्यापूर्वी ते कोणाच्या कातडीला लागले, या तीन गोष्टींवर सर्व काही अवलंबून असते.

यातले अक्षरही मला ठाऊक नव्हते. एका मोठ्या शहरातल्या ठोक बाजारात, साहित्य घ्यायला नेहमी जात असे तेव्हाच, एका दुकानदाराने मला चोवीस रंगांचा एक संच दाखवला. बाटल्या देखण्या होत्या, सोनेरी झाकणाच्या, आणि त्यांवर एका प्रख्यात परदेशी नावाशी एका अक्षराने फरक असलेले नाव होते. मी विचारले, "माल ओरिजिनल आहे ना, भाऊ?" "फर्स्ट कॉपी आहे मॅडम, काम तेच करते," असे उत्तर आले, आणि बिल हवे असल्यास अठरा टक्के जास्त पडतील असेही सांगण्यात आले. मी बिल घेतले नाही. लॅम्पही तिथलाच घेतला, नाव नसलेला. एसटीने परत येताना मांडीवर ते खोके होते आणि मनात पुढल्या लग्नसराईचे हिशेब.

माझ्या हाताखाली त्या वेळी सास्तीकडची एक मुलगी होती, बारावी झालेली, हाताने अत्यंत चपळ. तिची मेंदी पाहून बाया थक्क होत. नखांचे काम मी तिच्याकडेच सोपवले आणि तिने ते इतक्या झटपट आत्मसात केले की दिवसाला पाच-सहा जणींचे हात ती सहज करू लागली. तिची एक लकब मला आज डोळ्यांसमोर दिसते: ब्रशने रंग लावताना नखाच्या कडेला, कातडीवर थोडे जेल उतरले, की ती आपल्या उजव्या अंगठ्याच्या नखाने ते अलगद निपटून घेई आणि अंगठा ओढणीच्या टोकाला पुसे. किती सफाईदार हात, असे मला त्या वेळी वाटे. लॅम्पमधून हात बाहेर आल्यावर वरचा जो चिकट थर उरतो, तोही ती उघड्या बोटांनी, कापसाच्या लहानशा बोळ्याने पुशी. हवेतल्या प्राणवायूमुळे सर्वांत वरचा थर पुरता जमत नाही, म्हणून तो चिकट राहतो. म्हणजे न जमलेले सुटे रेणूच ती दिवसातून साठ वेळा बोटांवर घेत होती.

सहा-सात महिन्यांनी तिच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकांची कातडी कोरडी, चकचकीत झाली आणि मग तिला भेगा पडू लागल्या. मी विचारले, तर म्हणाली, "काही नाही जी ताई, धुण्याच्या सोड्यानं झालं असन." दिवाळीच्या सुटीत ती घरच्या शेतात कापूस वेचायला गेली आणि आश्चर्य असे की बोटे बरी झाली, कापूस वेचून बोटे बरी होतात हे ऐकूनही मला शंका आली नाही. परत आली आणि आठवड्याभरात भेगा परत आल्या. मिरची चिरताना आग होऊ लागली, पोळी तोडताना रक्त येऊ लागले. आणि मग एके सकाळी ती आली ती दोन्ही पापण्या सुजून. "काहून असं होत असन जी?" असे तिने मला विचारले, आणि माझ्यापाशी उत्तर नव्हते.

चंद्रपूरच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी तिच्या बोटांकडे पाहिले, पापण्यांकडे पाहिले, आणि औषधाचे नाव लिहिण्यापूर्वी एकच प्रश्न विचारला: "काम काय करतेस?" पुढे नागपुरास तिची चाचणी झाली. पाठीवर वेगवेगळ्या द्रव्यांचे अल्पसे अंश चिकटपट्टीखाली ठेवतात, दोन दिवसांनी पट्ट्या काढून पाहतात आणि चौथ्या दिवशी पुन्हा. तिच्या पाठीवर एका ठिकाणी लाल, उठावदार, खाजरा चकंदळ उमटला होता. त्या द्रव्याचे नाव हायड्रॉक्सिइथिल मेथाक्रिलेट. धंद्यात त्याला चार आद्याक्षरांनी 'हेमा' म्हणतात. माझ्या आतेबहिणीचे हेच नाव असल्यामुळे मला ते ऐकून विचित्र वाटले. डॉक्टरबाई तिला म्हणाल्या, "हे काम तुला पुन्हा करता यायचं नाही. आणि पुढे कधी दातात सिमेंट भरायची वेळ आली, तर दाताच्या डॉक्टरांना हा कागद आधी दाखव. त्यांच्या सामानात याच घराण्यातली द्रव्यं असतात. हाडाच्या शस्त्रक्रियेतसुद्धा." वीस वर्षांच्या मुलीच्या हाती तो कागद देताना त्यांचा स्वर फार सौम्य होता. परतीच्या प्रवासात बामणी येईपर्यंत आम्ही दोघी एक शब्दही बोललो नाही.

त्या दुकानदाराला मी फोन केला. तो म्हणाला, माल माझ्याकडून घेतल्याचा पुरावा काय? पुरावा नव्हता.

संध्याकाळी मी ते चोवीस बाटल्यांचे खोके सासऱ्यांच्या पुढ्यात नेऊन ठेवले. ते तेव्हा चौऱ्यांशी वर्षांचे होते, दृष्टी मंदावली होती, आणि नखांच्या रंगाशी त्यांचा आयुष्यात कधी संबंध आला नव्हता. त्यांनी भिंग मागितले. एक एक बाटली उचलून, फिरवून, तळ पाहून ते खाली ठेवीत गेले, आणि मी उभी राहून त्यांच्या तोंडून तीच ती चार प्रश्नांची मालिका ऐकत राहिले. नाव? ते उसने. गाव? एका देशाचे नाव होते, गावाचे नव्हते. तारीख? बनल्याचीही नाही, मुदतीचीही नाही. मोहोर? "परवान्याचा अंक नाही," ते म्हणाले, आणि थोडे थांबून: "सूनबाई, असा दस्त माझ्या टेबलावर आला असता तर मी तो नोंदला नसता." रागाचा लवलेशही त्या वाक्यात नव्हता, आणि म्हणूनच ते मला जन्मभर पुरेल.

पुढे मी कायदा वाचला. औषधांसंबंधीचा आपला मध्यवर्ती कायदा १९४० सालचा. सौंदर्यप्रसाधने त्याच्या कक्षेत आली १९६२ च्या दुरुस्तीने. आणि २०२० साली त्यांच्यासाठी स्वतंत्र नियमावली प्रसृत झाली. तीत सांगितलेल्या गोष्टी वाचताना मला सासऱ्यांचाच आवाज ऐकू येत होता. देशात तयार झालेल्या मालावर उत्पादकाचे नाव, कारखान्याचा पत्ता, परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक, वापराची मुदत आणि घटकांची यादी हवी. परदेशातून आलेल्या मालावर आयात-नोंदणीचा क्रमांक हवा आणि ती नोंदणी ज्याच्या नावे झाली त्याचे नाव आणि पत्ता हवा. दुसऱ्याच्या नावाची नक्कल करून विकलेल्या प्रसाधनाला तो कायदा बनावट म्हणतो आणि ते विकणे गुन्हा ठरवतो. नाव, गाव, तारीख, मोहोर! सरकारने ज्यासाठी इतकी कलमे खर्ची घातली ते आमच्या ओसरीवर चार शब्दांत सांगितले जात होते, आणि मी बिलाचे अठरा टक्के वाचवीत होते.

परंतु कागद पुरा असला म्हणजे माल निर्दोष, असेही नाही. कागद पुरा असला म्हणजे विचारायला माणूस सापडतो. प्रतिष्ठित कंपनी कोणती, याचा माझा निकष तेव्हापासून एवढाच राहिला आहे, आणि जाहिरातीतल्या नट्यांपेक्षा मी त्याच्यावर अधिक विसंबते. मुलीची हकीकत सांगून मी पाच कंपन्यांना पत्रे लिहिली. तुमच्या बेस कोटमध्ये हेमा आहे काय, असल्यास किती, किरणांनी जागे होणारे द्रव्य कोणते, कोणत्या लॅम्पखाली किती सेकंद ठेवून तुम्ही तो तपासला आहे, आणि सुरक्षिततेचे माहितीपत्रक पाठवाल काय, एवढेच प्रश्न. दोघांनी उत्तर दिले नाही. एकाने रंगांचा कॅटलॉग आणि सवलतीचा दर पाठवला. दोघांनी मात्र सविस्तर उत्तरे दिली, आणि त्यांतल्या एका कंपनीच्या बाईंनी तर फोन करून मला विचारले की ही मुलगी हातमोजे कोणते वापरत होती. त्यांच्या मालात हेमा होते आणि ते त्यांनी लपवले नाही. ज्याने आपल्या मालातला धोका स्वतः होऊन सांगितला, त्याच्या उरलेल्या बोलण्यावर माझा विश्वास बसला.

'हेमा-विरहित' असे ठळक छापलेल्या बाटल्याही आता मिळतात आणि त्या घ्याव्यात की नाही असे मला इतर गावांतल्या पार्लरवाल्या विचारतात. घ्याव्यात, परंतु त्या शब्दावर निश्चिंत होऊन झोपू नये, कारण एक रेणू काढला म्हणजे त्याच्या जागी त्याच कुळातला दुसरा घालावा लागतो, आणि जी त्वचा एकाला ओळखू लागली आहे तिला कित्येकदा त्याचा भाऊही खपत नाही. टोल्यूइन नाही, फॉर्माल्डिहाइड नाही, अमुक नाही, तमुक नाही, अशी नकारांची जी माळ खोक्यावर छापलेली असते ती बहुतांशी साध्या नेलपॉलिशची आहे. जेलमधल्या खऱ्या प्रश्नाला ती स्पर्शही करत नाही. युरोपीय संघाने हेमा असलेला माल केवळ व्यावसायिकांनी वापरावा आणि त्यावर ॲलर्जीचा इशारा छापावा असे २०२० मध्ये ठरवले, आणि किरणांनी जागे होणारे टीपीओ नावाचे जे द्रव्य पुष्कळ बाटल्यांत असे, त्यावर १ सप्टेंबर २०२५ पासून तेथे पूर्ण बंदी आली. प्राण्यांवरील प्रयोगांत ते प्रजननास बाधक आढळले हे त्याचे कारण. तो कायदा आपल्याला लागू नाही. तथापि तेथे ज्याला बंदी झाली तो शिल्लक माल कोठेतरी जाणारच, आणि तो स्वस्तात जेथे येतो ती जागा आपल्यासारख्यांची दुकाने असू शकतात, एवढे भान मी ठेवते आणि घटकांच्या यादीत ती तीन अक्षरे आधी शोधते. घटकांची यादी बहुधा खोक्यावर असते, बाटलीवर नसते. खोके फेकून देण्याची आम्हा सर्वांची सवय आहे. माझ्याकडे आता प्रत्येक बाटलीचे खोके बाटली संपेपर्यंत फडताळात असते.

२०१८ सालीच, म्हणजे मी लॅम्प घेतला त्याच वर्षी, ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने या ॲलर्जीविषयी जाहीर इशारा दिला होता. त्यांनी तपासलेल्या रुग्णांपैकी शेकडा २.४ जणांना या कुळातल्या कोणत्या ना कोणत्या द्रव्याची बाधा झालेली होती आणि त्यांत स्त्रियाच शेकडा ९३ होत्या. लंडनमध्ये ज्या वर्षी हे बोलले गेले त्याच वर्षी राजुऱ्यात एक मुलगी अंगठ्याने जेल निपटत होती. हे अंतर कापायला त्या इशाऱ्याला जी वाट मिळायला हवी ती कोणी बांधलेली नाही. माल मात्र त्या अंतरावर धावत येतो.

लॅम्पविषयी थोडे. जेल आणि लॅम्प ही जोडी आहे, हे मला कोणी सांगितले नव्हते. जेलमधले द्रव्य ठराविक लांबीच्या लहरींनीच जागे होते, आणि बिननावाच्या लॅम्पचे दिवे कोणत्या लहरी किती प्रमाणात देतात हे त्याच्या विक्रेत्यालाही माहीत नसते. परिणाम असा की वरून नख टणक लागते आणि आत, नखाच्या पृष्ठालगत, कच्चे राहते. गडद रंगात आणि जाड थरात तर विशेषच, कारण रंग स्वतःच किरणांना अडवतो. भाकरी वरून करपावी आणि आत पीठ राहावे तसे. 'एलईडी आहे, अतिनील नाही' असेही दुकानदार सांगतात. ते खरे नव्हे, हे दिवेही अतिनील किरणांवरच काम करतात, साधारण ३६५ ते ४०५ नॅनोमीटरच्या. या किरणांनी त्वचेला किती अपाय होतो याचीही चर्चा चालू आहे: २०२३ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या संशोधकांनी काचेच्या बशीतल्या पेशींवर हे किरण वीस मिनिटे सोडले तेव्हा शेकडा २० ते ३० पेशी मेल्या. बशीतली पेशी आणि कातडी पांघरलेला हात यांत फरक आहे आणि आमच्या लॅम्पखाली हात वीस मिनिटे सलग राहतही नाही. पण बोटांची टोके कापलेला सुती मोजा घालायला असा काय खर्च येतो? मी तो प्रत्येकीला घालते.

आता मी एका कंपनीचाच बेस, रंग, टॉप कोट आणि लॅम्प वापरते. थर इतका पातळ लावते की पहिल्या हातात नखाचा खालचा रंग दिसला पाहिजे. नखाच्या कडेला, जिथे कातडी सुरू होते, केसाएवढी जागा कोरी सोडते. आणि तरीही कातडीवर उतरले तर लॅम्पमध्ये हात घालण्यापूर्वी लाकडी काडीने काढते. काम अर्ध्यावर असताना वीज गेली, जी आमच्याकडे उन्हाळ्यात हमखास जाते, तर इन्व्हर्टरवर तो थर पहिल्या सेकंदापासून पुन्हा धरते. कोणी चटका बसला म्हणून हात मागे घेतला, तर थर जाड झाला असे समजते. रेणू जुळताना उष्णता निघते आणि ती नखाला लागते. हातमोजे नायट्रिलचे. औषधाच्या दुकानातले पांढरे रबरी मोजे घालून मी आधी फार दिवस निर्धास्त होते, आणि नंतर कळले की हे रेणू त्यांतून थोड्या वेळात पार होतात. नायट्रिलचेही प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे घ्यावे लागतात. काढताना ॲसिटोनचा बोळा नखावर ठेवून फॉइल गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे बसावे लागते, आणि कोणी घाई केली तरी मी खरवडत नाही, कारण जेल ओढून काढले की त्याच्याबरोबर नखाचाही पापुद्रा निघतो.

एक गोष्ट आमच्या हवेची. चंद्रपूरचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या वर जातो, आणि एकदा खिडकीशी राहिलेली एक बाटली मी उघडायला गेले तर झाकण फिरेना. जोर लावला तेव्हा ब्रश बाहेर आला तो काडीसारखा ताठ, प्रत्येक केस दुसऱ्याला चिकटलेला. सूर्याच्या किरणांतही तेच अतिनील असते जे लॅम्पमध्ये आहे, हे पुस्तकात वाचण्यापेक्षा त्या ब्रशने मला अधिक चांगले शिकवले. तेव्हापासून सारा माल मधल्या काळोख्या खोलीत, माठाच्या शेजारच्या फडताळात असतो.

या सर्वाने दर वाढला, हे ओघाने आलेच. ज्या बाटलीला पूर्वी शंभर रुपये पडत तिला आता सहाशे पडतात, मोजे वेगळे, वेळ दीडपट. निम्मी गिऱ्हाइके गेली. ज्या उरल्या त्यांतल्याही पुष्कळ जणींना मी साधे नेलपॉलिशच सुचवते, आणि यात मला धंद्याचे नुकसान दिसत असले तरी माझे मत पक्के आहे: ज्या हातांना चार दिवसांनी शेण सारवायचे आहे, त्यांना पंधरा दिवसांचे कवच कशाला हवे? लग्नाच्या दिवसापुरते वाळणारे पॉलिश पुष्कळ झाले. नववा महिना लागलेल्या बाईला तर मी स्पष्ट नाही म्हणते. दवाखान्यात बोटाला प्राणवायू मोजायची चिमटी लावतात, गडद रंग तिच्या आड येऊ शकतो, आणि ऐन वेळी जेल उतरवायला तिथे कोणापाशी पंधरा मिनिटे असतात! नखाभोवती खाज, लाली, नखुरडे असेल, तर ते बरे होईपर्यंत हात लावत नाही. "तुमच्याकडे लय नियम आहेत जी," असे म्हणून उठून गेलेल्या बाया मला माहीत आहेत आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही. मलाही कोणे एके काळी बिल महाग वाटले होते.

ती मुलगी माझ्याकडेच आहे. तिच्या औषधपाण्याचा खर्च मी केला, पण त्याने माझे देणे फिटले असे मी मानत नाही. बोटांच्या भेगा तीन महिन्यांत बुजल्या. मेंदी ती काढते, आणि आमच्याकडची मेंदी पाल्याचीच असते. झटपट काळी होणाऱ्या मेंदीच्या कोनात केसांच्या कलपातले द्रव्य घालतात आणि तेही अशाच जन्मभराच्या वैराला कारण होते, हे ती गिऱ्हाइकांना स्वतः सांगते. मालाची वही तिच्या ताब्यात आहे. सासरे २०२२ साली गेले. त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांत ती दुपारी त्यांच्याजवळ बसून पार्सले उघडी आणि ते डोळे मिटून विचारीत, ती वाचून दाखवी.

गेल्या आठवड्यात टॉप कोटच्या सहा बाटल्या आल्या. नाव होते, पत्ता होता, परवान्याचा क्रमांक होता, बिल होते. मी सही करणार, तोच ती म्हणाली, "थांबा जी ताई." मुदतीच्या तारखेवर एक बारीकसा कागद चिकटवलेला होता, खोक्याच्याच रंगाचा, इतका बेमालूम की माझ्या नजरेतून सुटला होता. तिने पिनेच्या टोकाने त्याचा कोपरा उचलला, मोबाइलच्या कॅमेऱ्याने अक्षर मोठे केले आणि खालची तारीख वाचली. ती उलटून पाच महिने झाले होते. सहाही बाटल्यांवर तसेच. तिने वहीत नोंद केली, खोके पुन्हा बांधले, आणि कंपनीला लिहायच्या पत्राचा कच्चा मसुदा माझ्यापुढे ठेवला. वर्धेला पूर असल्यामुळे पुलावरून बल्लारपूरचा रस्ता दोन दिवस बंद आहे. ती पेटी दारामागे बांधून ठेवलेली आहे, पाणी उतरले की कुरिअरचा माणूस येऊन घेऊन जाईल.